अपशब्दाची व्युत्पत्ती

आता ही फजिती सांगायची कशी, हाच पेच आहे. कारण जो शब्द माझ्यावर उलटला, त्याचा अर्थ मीच समजावून दिला होता. तुम्ही चहा घ्या. मी शक्य तितक्या तटस्थपणे सांगतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मूल गावच्या शाळेत मी मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. जन्माने मी इथलाच, झाडीतला, म्हणजे या जंगलपट्ट्यातला. पण नागपुरात सहा वर्षे घासूनपुसून जीभ अशी लख्ख केली होती की, गावी गेलो म्हणजे माझी आईच मला 'तुम्ही' म्हणू लागे! अशा माणसाला कबड्डीच्या साखळी स्पर्धेत शिस्तप्रमुख का नेमावे? तर नियम शुद्ध भाषेत लिहून हवे होते, म्हणून.

लिहून थांबलो असतो, तर निभावले असते. पण नागपुरात संगणक नावाचे यंत्र आल्याचे मी वृत्तपत्रात वाचले होते. मनाने घेतले, आपल्याकडेही शिस्तीची नोंद स्वयंचलित हवी! प्रत्येक खेळाडूचे पुठ्ठ्याचे कार्ड केले. वरच्या कडेला तीन भोके. गैरवर्तन घडले की एका भोकाची कड कापून खाच पाडायची. अंतिम सामन्याच्या दिवशी सर्व कार्डांच्या तिसऱ्या भोकातून विणकामाची सुई घालून गठ्ठा उचलायचा. ज्याची तिसरी खाच पडली, त्याचे कार्ड आपोआप खाली. तो बाद! वशिला नाही, विस्मरण नाही. न्याय सर्वांना सारखा, म्हणून पंचांचे आणि माझेही कार्ड केले.

"सर, कोनाले कबूल नसन त तो अपील कुठी करन?" मुख्य पंच सोमाजीभाऊंनी विचारले.

"करील कोणाकडे? सुईकडे?"

सोमाजीभाऊ म्हणजे वनखात्यातून निवृत्त झालेले नाकेदार. बांबूची काडीसुद्धा त्यांच्या नाक्यावरून पासावाचून सुटली नसेल. त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला आणि पहिल्याच गैरवर्तनावर बोट ठेवले.

"हे अपशब्द म्हंजे का जी? शिव्या?"

इथे गप्प बसलो असतो तर! पण मला कोणी शब्दाचा अर्थ विचारावा आणि मी एका वाक्यात थांबावे, हे कधी घडले आहे?

"शिवी हा अलीकडचा, संकुचित अर्थ," मी म्हणालो. "मूळ अर्थ पाहा. व्याकरणाने अमान्य केलेला, शुद्ध रूपापासून ढळलेला शब्द, तो अपशब्द."

"म्हंजे पुस्तकावानी नाई बोलला त अपशब्द?"

"नेमके!" मी हर्षाने म्हणालो. माझी व्युत्पत्ती शेवटपर्यंत ऐकणारा माणूस प्रथमच भेटला होता. वर बजावले, "आणि प्रत्यक्ष शब्द अहवालात लिहू नका. सभ्यता पाळा. केवळ संख्या कळवा."

अहवाल येऊ लागले. 'अपशब्द, चार.' 'अपशब्द, नऊ.' 'अपशब्द, मोजता आले नाई.' एकूण हिशेब सुईवर सोडून मी कात्री चालवीत राहिलो आणि तरुण पिढीविषयी खिन्न होत गेलो. शाळेत वाणीच्या पावित्र्यावर व्याख्यान दिले. सर्वांत दुःख देवाजीचे. हा गुणी संघनायक, एकेकाळचा माझा विद्यार्थी. अंतिम सामना पाहायला कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याचे साहेब येणार होते. खेळ पसंत पडला, तर देवाजीला तिथे नोकरी लागणार होती. त्याच्या कार्डावर तीन खाचा! मी कर्तव्यबुद्धीने त्याच्या आईला पोस्टकार्ड टाकले: 'आपले चिरंजीव मैदानात सर्रास अपशब्द उच्चारतात.'

अंतिम सामन्याचा दिवस उजाडला. साहेब खुर्चीत, माणसे कुंपणाशी, मी टेबलाशी. दोन्ही संघांच्या चोवीस कार्डांतून सुई घातली आणि गठ्ठा दिमाखात उचलला.

सळ्ळ!

तेवीस कार्डे खाली. सुईवर एकच लोंबकळत राहिले. ते सिरोंच्याच्या राजन्नाचे. त्याला तेलुगूखेरीज भाषा येत नव्हती.

"एकटाच खेळन का बे तो? आपल्या आपनालेच धरन?" कुंपणाशी हशा पिकला.

तेवढ्यात देवाजीची आई अनसूयाबाई माझे पोस्टकार्ड नाचवीत मैदानात आल्या. "सर, हे तुमीच धाडलं नं? माह्या पोरानं कोनाले कोनती शिवी देल्ली, ते सांगा साऱ्याइच्या समोर!"

"बाई, ते शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत."

"मंग सोमाजीभाऊ, तुमी सांगा!"

सोमाजीभाऊंनी खिशातून डायरी काढली. अहवालात मनाई होती, डायरीत नव्हती. ते खणखणीत आवाजात वाचू लागले. "देवाजी. मले, एक. तुले, दोन. काऊन, तीन. आन् चढाईत कबड्डीच्या जागी 'कब्बडी'. थे त मोजताच आलं नाई."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. देवाजी मात्र हसला नाही. त्याने खाली पडलेले आपले कार्ड उचलले आणि खाचांवरून बोट फिरवले. "सर, माही नोकरी जाते का जी याच्यापायी?"

आणि मग, मित्रहो, सहा वर्षांची घासपूस एका क्षणात उतरली.

"अरे, पन हे काऊन लिवलं तुमी?" मी सोमाजीभाऊंवर ओरडलो. "मले इचारलं काऊन नाई?"

सोमाजीभाऊंनी पेन्सिलीचे टोक जिभेला लावले, बोटांवर मोजले.

"सर, आठ झाले."

त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, माझे कार्ड शोधले, तिन्ही खाचा कापल्या, सुई घातली, उचलली. कार्ड पडले.

"शिस्तप्रमुख बाद," त्यांनी गंभीरपणे जाहीर केले. "बाहेर बसा जी. आता शिस्तप्रमुखच नाई, त सुई कोन चालवन? चला बे पोरंहो, खेळा!"

खेळ झाला. देवाजीने एका चढाईत चौघांना बाद केले आणि साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागले. महिन्याभरात तो कारखान्यात रुजू झाला.

मी कुंपणाबाहेर अनसूयाबाईंच्या शेजारी उभा होतो. देवाजीच्या प्रत्येक चढाईला आम्ही दोघेही घसा फोडून ओरडत होतो. काय ओरडत होतो, ते मात्र इथे सांगता येत नाही. मनाई माझीच आहे.