फेरतपासणी नाही

अकोल्याच्या कामगार न्यायालयात खुशालराव शिरसाटांना सगळे ‘बालिष्टर’ म्हणत. विलायत सोडाच, मुंबईलाही ते मोजून चारदा गेले असतील. पण नोकरीवरून काढलेला माणूस अमरावतीच्या सूतगिरणीतला असो की अकोल्याच्या डाळमिलमधला, शेवटी त्यांच्याच टेबलाशी यायचा. मी त्यांची ज्युनिअर. अकरा वर्षं त्यांच्या फायली वाहिल्या, बोलणी खाल्ली, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे.

त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. मालकाने एकदा कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि महिन्याभराने तोच कागद राजीनामा म्हणून पुढे केला. त्या रागावर मुलगा वकील झाला आणि तीस वर्षं एकच मंत्र सांगत राहिला, “कंपनीच्या कागदाले हात लावू नका. पोस्टमन आला तरी पाकीट वापस.” आलेल्या प्रत्येकाकडून तो तीनदा म्हणवून घेत. मला हसू यायचं. पण त्या मंत्राने कित्येकांच्या नोकऱ्या वाचल्या, हेही खरं.

माणिकबाई वानखडे एकोणीस वर्षं डाळमिलमध्ये डाळ निवडत होती. बायांना प्यायला धड पाणी तरी द्या, असं बोलली म्हणून मुकादमाने “उद्यापासून येऊ नको” सांगितलं. तिची बाजू घेणाऱ्या आणखी अकराजणींना काढलं. बाराही जणी आमच्याकडे आल्या. माणिकबाईला दुसरं काही नको होतं, तिला तिचं काम परत हवं होतं. चार वर्षं तारखा झाल्यावर पहिली साक्ष तिचीच लागली.

उलटतपासणीत मिलच्या वकिलाने एक बंद रजिस्टर पाकीट काढलं. वर पोस्टमनचा शेरा होता, ‘घेण्यास नकार’. न्यायाधीशांसमोर ते फोडलं. केस दाखल झाल्यावर दोनच महिन्यांनी लिहिलेलं पत्र निघालं: आठ दिवसांत कामावर हजर व्हा, नाहीतर तुम्हीच काम सोडलं असं समजू.

नाकारलेलं पाकीट कायदा मिळालेलंच धरतो. जे काम मागत ती कोर्टाच्या चकरा मारत होती, ते तिच्या दारात येऊन परत गेलं होतं. पत्र फक्त तिलाच पाठवलं होतं आणि ती ते घेणार नाही हे मिलला पक्कं ठाऊक असणार. आमच्या बालिष्टरांचा मंत्र एव्हाना गावभर झाला होता.

“पाकीट का घेतलं नाही, बाई?” मिलच्या वकिलाने विचारलं.

माणिकबाईने एकवार खुशालरावांकडे पाहिलं. “माही मर्जी,” ती म्हणाली. “मलेच जायचं नव्हतं.”

“फेरतपासणी?” न्यायाधीशांनी विचारलं. म्हणजे आता खुशालरावांना तिला पुन्हा विचारता येत होतं. एकच प्रश्न पुरे होता: पाकीट परत करायला कोणी सांगितलं? खरं बाहेर आलं असतं, तर वकिलाच्या चुकीची शिक्षा बाईला द्यायची का, याचा विचार कोर्टाला करावाच लागला असता. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली, अर्धवट उठले आणि म्हणाले, “नाही, साहेब.”

बाहेर व्हरांड्यात उलट तीच त्यांची समजूत काढत होती.

“तुमचं नाव नाई घेतलं म्या. घेतलं असतं तं तुमची बदनामी झाली असती. मंग बाकीच्या बायांचं कोनं पायलं असतं? तुमी नका मनाले लावून घेऊ.”

खुशालरावांनी नुसती मान हलवली. मला त्यांचा असा संताप आला की तिथेच सगळ्यांदेखत बोलावं. बोलले नाही. बाकीच्या अकरा फायली माझ्याच पिशवीत होत्या, असं मी स्वतःला सांगितलं.

माणिकबाईची केस गेली. ‘मलेच जायचं नव्हतं’ हे तिचं वाक्य निकालात जसंच्या तसं आहे. खुशालरावांनी त्यानंतर मंत्र म्हणवून घेणं बंद केलं, आणि हळूहळू कोर्टात येणंही. त्या दिवशी ती खरं बोलली असती तर कदाचित तिची नोकरी वाचली असती, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. मीही नाही. ती आजही काढून टाकलेल्या बायांना घेऊन माझ्या टेबलाशी येते आणि माझ्यादेखत त्यांना बजावते, “वकील म्हनतीन तसंच करा वं.”