कृष्णरावांचा तणसाचा दोर

आमचे कृष्णराव तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या शेताला किती पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस, त्यामुळे पाण्यातलं मला कोणी शिकवू नये, असा त्यांचा खाक्या. नोकरी सुटली, खाक्या सुटला नाही.

गेल्या आश्विनात सिहोऱ्याजवळ आमच्या कालव्यावर ट्रॅक्टर उलटला आणि डिझेलचा ड्रम पाण्यात सांडला. हेच पाणी पुढे तलावात शिरतं, आणि तलावात गावातल्या रुखमाच्या बचत गटाने मासोळीची पिल्लं सोडली होती. बारा बायकांची वर्षाची आशा त्यात होती. कृष्णरावांनी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड दोर वळवून घेतला आणि पुलाखाली, कालवा सर्वांत अरुंद आहे तिथे, आडवा बांधला. तिथे तणस कमी लागतं म्हणून. तेल दोराशी अडलं. लोक शाबासकी देऊन घरी गेले.

तासाभराने रुखमा दारात उभी.

"भाऊजी, तलावाच्या तोंडाशी तवंग येऊन राहिला."

"दोर सुटला काय?"

"नाही. दोर जागच्या जागी आहे."

कृष्णराव जाऊन पाहून आले. मग त्यांनी हँडपंपाच्या नालीत तणसाची जुडी आडवी लावली, तिच्यामागे जवसाचं तेल ओतलं आणि रुखमाला पंप मारायला सांगितलं. हळू मारला तर तेल जुडीशी निमूट बसायचं. जोरात मारला की तेलाच्या खालच्या कडेने ज्वारीएवढे थेंब तुटायचे, जुडीखालून निसटायचे आणि पलीकडे वर यायचे. तीनदा करून पाहिलं. अरुंद जागी पाणी धावतं, हे जन्मभर इतरांना सांगणारा माणूस ऐन वेळी विसरला होता.

"माही चूक झाली, बाई," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

दोर तलावाअलीकडच्या रुंद जागी तिरपा बांधला. पण पाण्याचा जोर कमी करायला कालव्याचं वरचं गेट उतरवणं भाग होतं, आणि मग कालव्याच्या टोकाच्या शेताला दोन दिवस पाणी नाही. ते शेत खुद्द कृष्णरावांचं, धान फुलोऱ्यात. नवा पाटकरी त्यांच्याकडे पाहू लागला.

"उतरव. धान दोन दिस थांबते, मासोळी थांबत नाही."

फुलोऱ्यातलं धान थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

अडलेलं तेल बायकांनी बादल्यांनी उपसलं. मासोळी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायका पाणी उपसायचं डिझेल इंजिन ओढत शेताजवळच्या नाल्यावर आल्या आणि पाइप कृष्णरावांच्या धानाच्या बांधीत सोडला. रुखमा हँडल फिरवणार, तोच त्यांनी तिला थांबवलं, घरून घमेलं आणलं आणि इंजिनाच्या ठिबकत्या टाकीखाली ठेवलं.