शैलाची पोलकी

कुसुम, मी बोटीत चढले तेव्हा तू आईच्या पाठीमागे उभी होतीस. आईनं माझी मनगटं हातात धरली नि तिचे डोळे भरले. "मुंबईत लाजू नकोस," म्हणाली, "भूक लागली की मागून घे." आपल्याकडे पोर बारीक म्हणजे घरात दाणा नाही, एवढंच.

गिरगावच्या चाळीत आमची एक खोली. मधे पॅसेज, समोर शैलाचं बिऱ्हाड. हे प्रेसात जात, मी मशीनवर पोलकी शिवी. शैला कॉलेजात जाणारी, आमच्या मजल्यावरची पहिलीच. मी चौथी शिकलेली, तिच्याशी बोलायला बिचके. तीच येऊन मशीनपाशी बसे, वहिनी म्हणे.

तिला बघायला आलेले लोक सांगून गेले, मुलगी हुशार आहे, पण अंगानं सुटलीय. कॉलेजातल्या मैत्रिणी एकमेकींच्या कमरा मोजत. हिला त्यांनी पिंप ठरवलं. मग ती पोलकं घेऊन आली. "वहिनी, अर्धा इंच आत घ्या. आईला सांगू नका हं." मी घेतलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. अंगावर इतकं नीट बसे की मला माझ्या हाताचं कौतुक वाटे.

तिची आई विचारी, कॉलेजात हवा खायला शिकवतात का गं? शैला हसून सोमवार, गुरुवार, चतुर्थी सांगे. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. चाळीनं मिळून पिठलंभात केला. शैलानं आपलं ताट मुलांना वाढलं. सगळे म्हणाले, केवढं मन पोरीचं! मी तिचं पोलकं बघत होते. चारच दिवसांपूर्वी आत घेतलेलं, तरी खांद्यावरून उतरत होतं.

तिचं माप चाळीत फक्त मला ठाऊक होतं. शिकलेल्या मुलीला मी काय सांगणार, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे तिच्या आईला सांगितलं तर शैला माझ्याकडे यायची नाही, ही भीती होती. मुंबईत माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

थंडीत ती जिन्यात पडली. डॉक्टरांनी तिच्या वडलांना विचारलं, हिला घरी जेवायला मिळतं ना? ते मान खाली घालून उभे राहिले. आठव्या दिवशी शैला गेली.

तेराव्यानंतर तिची आई आली. एक पोलकं उलटं करून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. आत टिपांच्या पाच ओळी, एकीच्या आत एक. "सगळ्या तुझ्याच हातच्या," म्हणाली. "एकदा तरी मला सांगायचंस गं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

राज्य झालं, चाळीवर रोषणाई झाली. हे म्हणतात, शीवला खोली मिळतेय, नाहीतर गावीच जाऊ. मी नको म्हणते. गावी तुम्ही सगळे माझीच बाजू घ्याल. इथं सकाळी दार उघडलं की समोर शैलाची आई उंबरा पुसत असते. माझ्याकडे बघते आणि आत जाते. मी काय केलं ते पुरतं जाणणारं माणूस तेवढंच. ते दार समोर आहे, तोवर मला दुसरं घर नाही.