चौथ्या चाकाचा सेन्सर

गगनबावड्याच्या रस्त्यावरचा तो टायरवाला मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहून गेलं, पण त्याचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा अजून दिसतो.

टायरमधली हवा कमी झाली की लागणारा पिवळा दिवा गाडीत महिनाभर जळत होता. चाकांतले सेन्सर म्हातारे झालेत, उगीच कुरकुरतात, असं ठरवून मी त्यावर बायकोची टिकली चिकटवली होती. आईला कोकणात न्यायचं होतं, म्हणून घाटाआधी नवे सेन्सर बसवायला थांबलो. "दम लागतोय रे," म्हणत आई टायरवाल्याच्या खुर्चीत टेकली. महिनाभर ती हेच म्हणत होती आणि मी ते वयावर ढकलत होतो.

त्यानं सेन्सर तपासायचं यंत्र एकेका चाकाजवळ धरलं. मग शेवटच्या चाकाशी बसून गाल पाण्यानं ओला केला, व्हॉल्व्हजवळ नेला आणि डोळे मिटले. तान्ह्या बाळाचा श्वास बघावा तसा. डोंगरावरून धुकं उतरत होतं. तो कितीतरी वेळ तसाच होता.

"पावणं, तीन सेन्सर मेल्यात. ह्यो चौथा खरं बोलत हुता की. हवा जातीया हितनं."

"मला वाटलं, जुना झालाय."

"जुनं झालं म्हंजे खोटं बोलतंय व्हय?"

चारही सेन्सर व्हॉल्व्हसकट बदलल्यावर त्यानं टिकली नखानं अलगद काढून माझ्या अंगठ्यावर ठेवली.

आई एव्हाना मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसली होती. मी वाकून तिच्या नाकाशी गाल नेला. मग गाडी सुरू केली आणि घाट सोडून कोल्हापूरकडं, डॉक्टरांकडं वळवली.