कपाटामागचं बॅनर

त्या हिवाळ्यात बाबा मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं बॅनर छापून घरी घेऊन आले आणि त्याच आठवड्यात कुवेतचे अमीर वारले.

आम्ही तेव्हा कुवेतमधल्या रुमैथियात राहायचो, एका कुवेती आजोबांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. खाली त्यांची दिवाणिया होती. दिवाणिया म्हणजे पुरुषांच्या बैठकीची खोली, तिचं दार थेट रस्त्यावर उघडतं. तिथला टीव्ही जिन्यातून आम्हाला दिवसभर ऐकू यायचा. सुट्टीच्या त्या दुपारी मॅचचा गलका मधेच तुटला आणि कुराणपठण सुरू झालं. आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"गेले वाटतं," ती म्हणाली.

बातमी नंतर आली. टीव्हीवर असं मधेच कुराणपठण लागलं की इथे राहणाऱ्यांना ती सांगावी लागत नाही.

ऑफिसं बंद झाली, गाड्यांमधली गाणी बंद झाली. दुखवट्यात आमचं स्नेहसंमेलनही रद्द झालं. मला निवेदन करायचं होतं, त्यामुळे मला आतून थोडं बरंच वाटलं, पण तसं बोलायची ती वेळ नव्हती. खाली माणसं येत होती, जात होती, आणि वेलदोड्याच्या कॉफीचा वास आमच्या दारापर्यंत चढत होता. मला त्या दिवसांची शांतता अजून आठवते. परक्याच्या घरातलं दुःख असतं तशी ती होती. आपण हळू चालायचं, दार हळू लावायचं.

राहिलं बॅनर. मधोमध मंडळाचं नाव, खाली ‘सहर्ष स्वागत’, एका बाजूला अमीरांचा फोटो, दुसऱ्या बाजूला युवराजांचा. सगळ्या जाहीर कार्यक्रमांना तसे दोन फोटो लावतात. संध्याकाळी बाबांनी मंडळाच्या काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"युवराजच आता अमीर झालेत ना," एक काका म्हणाले, "म्हणजे बॅनर अर्धं बरोबर आहे!"

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्यावर नव्या युवराजांचा फोटो चिकटवा."

"नवे युवराज अजून ठरलेत कुठे?"

"मग द्या टाकून."

"कुठे टाकू? कचऱ्याच्या डब्यात? अमीरांचा फोटो?"

मग दुसरे काका म्हणाले, "तुमच्याकडेच राहू दे सध्या."

बाबा तेल कंपनीत सेफ्टी विभागात होते. गॅस बंद केला की नाही, हे ते आईनंतर जाऊन बघायचे. त्यांनी सगळ्या शक्यता मोजल्या. डब्यात टाकलं आणि वारा येऊन ते उलगडलं तर? कापलं, तर कात्री चेहऱ्यावरून जाणार. कोणी पाहिलं, कळवलं, चौकशी झाली तर? "इतकी वर्षं एक वाकडा शब्द नाही माझ्याबद्दल," ते म्हणाले आणि गुंडाळी कपाटाच्या मागे उभी केली.

"माझ्या साड्यांच्या मागे राजे उभे करून ठेवलेत," आई येणाऱ्याजाणाऱ्या मैत्रिणींना सांगायची. बाबा खुणेने तिला गप्प करायचे.

मग निवडणूक आली. खालच्या आजोबांचा धाकटा मुलगा मजलिससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, उभा राहिला. रमजान होता. इफ्तारनंतर अंगणातल्या तंबूत भाषणं चालायची आणि आमच्याकडे मचबूसचं ताट वर यायचं, भातावर अख्खी कोंबडी. आम्हाला मत नव्हतं, ताट मात्र चुकलं नाही. आई ताट रिकामं परत पाठवायची नाही, त्यावर चकल्या ठेवायची. मुलगा पडला. आणि थोड्याच आठवड्यांत नव्या अमीरांनी मजलिसच बरखास्त केली. पूर्वीही ती बरखास्त होत असे, पण पाठोपाठ निवडणूक यायची. या वेळी काही वर्षं नाही, असं सांगितलं गेलं. खालच्या टीव्हीचा आवाज त्यानंतर कमी झाला. बाबा त्याबद्दल घरातही काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. आईबाबा नाशिकला परत जाणार होते, मी नोकरीसाठी इथेच, हवल्लीत, दोन मुलींबरोबर राहणार होते. कार्गोवाले खोकी घेऊन गेले. कपाट विकलं, ते हललं, आणि भिंतीला टेकलेली गुंडाळी उघडी पडली. बाबा पलंगाच्या कडेवर बसले. इतक्या वर्षांनी या देशातून निर्मळ जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ही वस्तू ना नेता येत होती ना ठेवता.

"एअरपोर्टवर विचारलं तर काय सांगू?"

"खालच्या आजोबांना विचारू या," मी म्हटलं.

"नको. उगाच त्यांच्या डोक्यात भलतंच काही यायचं."

एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी चकल्यांचा डबा उचलला आणि खाली गेले. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला जाऊन राहिल्यामुळे आजोबांना मुंबईची हिंदी येत होती. बाबांना ते मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनीअर.

"हाजी, हमारे पास बडे शेखसाहब का बॅनर है. जो गुजर गए."

"अल्ला यर्हमा," ते म्हणाले, म्हणजे देव त्यांच्यावर दया करो. "किधर रखा?"

"अलमारी के पीछे."

"इतना टाइम?" त्यांच्या खांद्यांना हसू आलं. "मुहंदिस डर गया! बुला उसको."

त्यांनी गॅरेजशेजारची खोली उघडली. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत त्यांचा मुलगा हसत होता. तोच चेहरा, तेच हसू, निवडणुकीच्या फलकांच्या थप्पीच्या थप्पी.

"हारा, तो मैं बोला फेंक दे. वो बोला, अब्बा, रखो, मजलिस फिर टूटेगी, फिर काम आएगा." त्यांनी सगळ्यात पुढच्या चेहऱ्यावरची धूळ बाहीने पुसली. "अब कब आएगा? मेरे बच्चे का मुँह है, मैं भी नहीं फेंकता."

बाबा गुंडाळी खांद्यावर घेऊन आले. अंगणात ती उलगडली. फ्लेक्सला सुरकुत्या पडल्या होत्या, रंग मात्र ताजे होते. आजोबा अमीरांच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी देवनागरीवर बोट ठेवलं.

"ये क्या लिखा?"

"आओ, हमको खुशी है," बाबांनी अर्थ सांगितला.

"जाने के टाइम बोलता है आओ!"

"हाजी, इधर रखने में आपको कुछ प्रॉब्लेम..."

"मेरे घर में मेरा अमीर. तेरे को क्या प्रॉब्लेम?"

बाबा पहिल्यांदाच मोकळं हसले. त्यांनी बॅनरचं एक टोक उचललं, आजोबांनी दुसरं. "बेटा, एक फोटो काढ," बाबा म्हणाले. ऊन डोळ्यांवर येत होतं, दोघांचे डोळे बारीक झाले होते, आणि बाबा त्यांच्या सगळ्या फोटोंत उभे असतात तसे ताठ उभे होते. मी दोन काढले.

जिना चढताना बाबांनी मागे वळून हळूच सांगितलं, "ग्रुपवर टाकू नकोस हं."

मी अजून टाकलेला नाही.