खाली घेतलेला माणूस

प्रिय सुजात आणि मैत्रेयी,

सुजात, शाळेत सीपीआरसाठी पुतळ्याची छाती दाबायला शिकलास, हे परवा फोनवर ऐकलं. म्हणून हे लिहिते.

मी आर्मीत नर्सिंग ऑफिसर होते. मेजर म्हणून निवृत्त झाले आणि धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका लहान दवाखान्यात हजर झाले. ही पोस्टिंग मला कोणी दिली नव्हती. मी मागून घेतली. तिथे इमर्जन्सी टीम उभी करायची होती. सोबतीला हवालदार मडावी आला. आमच्या मिलिटरी हॉस्पिटलमधला हा नर्सिंग असिस्टंट पेन्शन घेऊन जवळच्याच त्याच्या गावी परतला होता.

रोज राउंडच्या आधी ड्रिल व्हायची. रबरी पुतळ्याची छाती दाबायची, जोर कमी पडला की माणूस बदलायचा. पुतळ्याचं नाव मडावीनं 'सुभेदारसाहेब' ठेवलं होतं.

"मॅडम, स्वतः पडून राह्यते अन् सगळ्यायचा घाम काढते," तो म्हणायचा.

कोड ब्ल्यू म्हणजे रुग्णाचं हृदय थांबलं. हाक आली की हातातलं टाकून धावायचं.

एका दुपारी आम्ही डबे उघडत होतो. हाक आली, "कोड ब्ल्यू, पुरुष वॉर्ड." ट्रॉली ढकलत पोचलो. पलंग रिकामा होता.

रुग्णाचं नाव सदाशिव. तलावात मासे धरणारा. छातीत दुखतं म्हणून सकाळीच भरती झालेला. त्याच्या माणसांनी त्याला उचलून फरशीवर ठेवलं होतं. इकडे जीव जाताना माणसाला पलंगावरून खाली घेतात. तुम्ही ते पाहिलेलं नाही. बायको पार्वताबाई उशाशी होती. तिच्या हातात तांब्या होता, शेवटचं पाणी तोंडात घालायला.

सिस्टरनं विचारलं, "वर घ्यायचं?"

"नको. गादी दबते, फरशी कडक आहे. इथेच. स्टार्ट."

मडावी गुडघ्यांवर बसला आणि दाबू लागला.

"अवो, काऊन दाबून राह्यले त्यायले? सुखानं जाऊ द्या ना," पार्वताबाई म्हणाली.

मी तिचा हात धरला. "पाणी नको, बाई. श्वासात जाईल. थोडं थांबा."

"खाली घेतलं ना आता!"

"लय बरं केलं," मडावी मान वर न करता म्हणाला. "आमाले असंच पाह्यजे होतं."

तिनं तांब्या खाली ठेवला. डॉक्टरांनी मशीन लावलं.

"शॉक. सगळे दूर."

पुन्हा दाबणं. माणूस बदलला. पुन्हा शॉक. मग डॉक्टरांनी मानेवर बोटं ठेवली.

"पल्स आहे."

पलंगावर उचलताना पार्वताबाई आडवी आली. "खाली घेतलेलं मानूस वर नाई घेत, भाऊ."

"तुमी खाली घेतलं, आमी वर घेऊन राह्यलो," मडावी म्हणाला. "फिट्टंफाट."

ती रडता रडता हसली. सदाशिव पुढे आपल्या पायांनी घरी गेला.

त्यानंतर आम्ही ती रीत मोडली नाही, वापरली. येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मडावी सांगायचा, खाली घ्या, पाणी टाकू नका, आमाले हाक मारा. हळूहळू वॉर्डात कोणी 'कोड ब्ल्यू' म्हणेनासं झालं. "खाली घेतलं!" असं ऐकलं की आम्ही धावायचो. सगळ्यांत पुढे मडावी असायचा.

तो गेला तेव्हा मी काम सोडून चंद्रपुरात राहायला आले होते. कळलं तशी त्याच्या गावी गेले. त्याची बायको जनाबाई अंगणात बसली होती. दुपारी जेवून तो बाजेवर पडला आणि तिथेच गेला.

"मॅडम, मी त्यायले खाली घेतलं," ती म्हणाली. "पाणी नाई टाकलं. सगळं त्यायनं सांगतलं तसंच केलं. अन् हाका मारत राह्यली."

मी तिच्याशेजारी बसले. ती हाक ऐकून धावणारा माणूस तिच्या पुढ्यातच पडला होता.

अजून दुपारी जेवायला बसले की कधीकधी "खाली घेतलं!" अशी हाक आल्यासारखं वाटतं.

तुम्ही याल तेव्हा आपण जनाबाईकडे जाऊ. सुजात, तिच्या नातवंडांना तू शिकव. पुतळा नाही मिळाला तर घट्ट बांधलेलं गाठोडं चालेल. त्याचं नाव मात्र सुभेदारसाहेबच ठेवायचं. मडावीची बाज अजून त्या अंगणात आहे. ड्रिल तिच्याशेजारी, जमिनीवर घेऊ.

तुमची आजी