आईचा अल्सर

वसुधाताईला जाऊन सात आठवडे झाले... आणि मी अजून मनातल्या मनात तिच्याशी भांडतेच आहे. घाटकोपरला तिच्या घरी शेवटचं भेटलो तेव्हाही भांडणच झालं. आतड्याच्या कॅन्सरनं ती अर्धी झाली होती, पण हट्ट तोच. "थोडंसं रक्त दे गं, तुझं काय जातंय?"

माझी ही थोरली बहीण संशोधक होती. आपल्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू असतात, कुठल्या जनुकाला किती बोलू द्यायचं ते ठरवणारे. आधी ते लांबडे असतात. त्यांना कापून-छाटून कामाजोगे करणारी यंत्रणा आईबापांकडून येते. त्या यंत्रणेतच जन्मतः बारीकसा फरक असला, तर कॅन्सरचा धोका वाढतो का, हे ताई आयुष्यभर शोधत राहिली. "उद्या मरशील असं म्हणत नाहीये बाई, धोका जरासा वाढतो का ते बघायचंय," ती वैतागून म्हणायची. मी टाळत होते, कारण रक्त द्यायचं तर आईचा आजार फॉर्मवर लिहावा लागणार होता.

आमची आई त्याच कॅन्सरनं गेली. ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात देता देता तिनं ते सांगून टाकलं. पाहुणे गेले ते गेलेच. माझ्या वेळी बाबांनी ठरवलं, अल्सर होता म्हणायचं. मी मान डोलावली, लग्न होऊन मुलुंडला आले आणि सव्वीस वर्षं नवऱ्याला अल्सरच सांगत राहिले. ताई आजारी पडल्यावर लेक विचारायची, "आई, आपल्यात आधी कोणाला होता का गं?" मी कुकर लावायला उठायचे. नुसती तगमग.

गेल्या रविवारी राहवेना. नवरा मटार सोलत बसला होता. त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं मानही वर केली नाही.

"माहितीये मला. साखरपुड्याआधी ताईंनी माझ्या ऑफिसात येऊन खरं काय ते सांगितलं होतं. म्हणाल्या, नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा, पण कारण मात्र दुसरं काहीतरी सांगा. मी येऊन गेले हे तिला कळता कामा नये."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तू सांगशील म्हणून थांबलो ना."

मला रडू आलं, मग ताईचाच संताप आला. मला एका शब्दानं बोलली नाही, नुसतं रक्त मागत राहिली! त्याच संध्याकाळी लेकीलाही सांगितलं.

सोमवारी दोघी रक्त द्यायला ताईच्या प्रयोगशाळेत गेलो. एसीत घालायचा तिचा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर होता. फॉर्मवर आईचा आजार मी खरा लिहिला. पुढचा रकाना बहिणीचा... हात पुढे सरकेना.

लेकीनं माझ्या हातातून पेन घेतलं. "मावशीचं मी लिहिते."